जागच्या जागी

दुसऱ्याच्या घरी चार दिवस राहायला गेले की मला सर्वांत मोठी पंचाईत पडते ती सकाळच्या चहाची. घरातली मंडळी झोपलेली असतात, आपल्याला मात्र पहाटेच जाग येते आणि वाटते, उगीच कुणाला उठवायचे कशाला, आपला आपण कपभर चहा करून घ्यावा. पातेले सापडते, काड्यापेटी सापडते. पण साखर काही सापडत नाही. ‘साखर’ अशी चिठ्ठी डकवलेल्या डब्यात रवा निघतो, ‘रवा’ लिहिलेल्या डब्यात शेंगदाण्याचे कूट निघते, आणि साखर? ती देव्हाऱ्याखालच्या कप्प्यात, बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात, मुंग्यांपासून दूर सुखाने बसलेली असते. घरच्या गृहिणीला यात काहीच वावगे वाटत नाही. तिचा हात अंधारातसुद्धा नेमका त्या डब्यावर पडतो.

प्रत्येक घराचे असे दोन नकाशे असतात. एक परक्या माणसाने गृहीत धरलेला आणि दुसरा घरच्या हाताला ठाऊक असलेला. घरचा हात घरात आहे तोवर या दोहोंत कितीही अंतर असले तरी कुणाचे काही अडत नाही. परक्याने येऊन, कुणाला न विचारता, बिनचूक काम करावे असे जेव्हा आपण म्हणतो, तेव्हा मात्र सर्वांनी मिळून ठरवलेली एखादी पद्धत लागते. टपालाचेच पाहा. आपल्या देशात एकाच नावाची गावे किती, आणि पत्ते लिहिणाऱ्यांची अक्षरे व भाषा किती! त्यावर तोड म्हणून १५ ऑगस्ट १९७२ रोजी सहा अंकी पिनकोड सुरू झाला. ही कल्पना आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे केंद्र सरकारचे अधिकारी होते आणि संस्कृत कवीही होते. कवीने आकड्यांत पत्ता बांधावा याची मला नेहमीच मौज वाटत आली आहे. तेव्हापासून गाव न पाहिलेल्या माणसालाही पत्र योग्य पिशवीत टाकता येऊ लागले.

हे सारे आठवण्याचे कारण आमच्या शाळेच्या ग्रंथालयातला संगणक. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली, मराठी शिकवणारी आणि सुट्टीत कादंबऱ्या लिहिणारी बाई. संगणकाच्या पोटात काय असते याच्याशी माझा संबंध यावा कसा? पण गेल्या वर्षी तो आला, आणि त्याच्या पोटातही एक घरच असते हे मला कळले.

त्या घराची हकीकत आधी सांगते. १९६९ पासून अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स नावाची प्रणाली घडवायला घेतली. त्या काळच्या डिस्क आकाराने अवाढव्य, पण त्यांच्यात माहिती मावायची ती मात्र चिमूटभर. प्रणाली वाढली आणि पहिली डिस्क भरली. शेजारी दुसरी डिस्क होती. तिच्यावर वापरणाऱ्या मंडळींच्या फाईली असत आणि ‘युजर’ या शब्दावरून तिला ‘युएसआर’ असे नाव पडले होते. मग काय, माजघरात मावेना ते सामान पाहुण्यांच्या खोलीत! प्रणालीचे काही कार्यक्रम तिकडे हलले, आणि पुढे पाहुण्यांनाच दुसरी जागा पाहावी लागली. जागेच्या टंचाईतून झालेली ही मांडणी पुढे घराण्याची रीत होऊन बसली. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स याने त्याच वळणावर लिनक्स बांधायला घेतली. तिच्यातही ती आली. डिस्क मोठ्या झाल्या, टंचाई संपली, तरी दोन खोल्यांतला तो दुजाभाव राहिलाच. फेडोरा या लिनक्सच्या शाखेने २०१२ मध्ये त्या खोल्या एकत्र केल्या. १९९३ साली जन्मलेल्या डेबियन या जुन्या शाखेने २०२३ च्या आवृत्तीपासून एकत्र घराचाच आग्रह धरला.

कुठली वस्तू कुठे ठेवायची याविषयी सर्वांचे एकमत असावे म्हणून १९९४ मध्ये लिनक्सवाल्यांनी एक नियमावलीही केली. तिची तिसरी आवृत्ती २०१५ ची आहे. या नियमावलीची गरज कुणाला? तर नव्याने येणाऱ्या बिऱ्हाडाला. संगणकावर नवा कार्यक्रम बसवायचा म्हणजे एक ‘पॅकेज’ आणायचे. पॅकेज म्हणजे सामानाचे बांधलेले गाठोडे आणि सोबत एक यादी: ही फाईल या खोलीत ठेवा, ती त्या फडताळात ठेवा, सगळे लागले की अमुक दिवा पेटवा. गाठोडे बांधणाऱ्याने तुमचे घर कधी पाहिलेले नसते. ठरल्या नियमाप्रमाणे स्वयंपाकघर डाव्या हाताला असणार, असे धरूनच तो यादी लिहितो.

आता आमची गोष्ट. मुलांचे हस्तलिखित आम्ही दरवर्षी काढतो. गेल्या वर्षी मुलांनी हट्ट धरला की या वेळी अंक छापायचा. त्याची पाने ग्रंथालयातल्या संगणकावर आपण स्वतःच जुळवायची. एकतीस मुलांचे लेखन जमले होते. तो संगणक फार जुना. शाळेच्याच एका माजी विद्यार्थ्याने २०१६ साली कुठून कुठून भाग गोळा करून तो उभा केला होता, त्यावर डेबियन बसवली होती, आणि मुलांना हात कसा धरायचा तेही शिकवले होते. अबोल मुलगा. दर शनिवारी येई, धूळ पुशी आणि जाई. २०२१ च्या साथीत तो गेला. त्याची आई आमच्या शाळेत खिचडी शिजवते. आम्ही सगळे तिला मावशी म्हणतो.

पाने जुळवण्याचा कार्यक्रम बसवायला आमच्या विज्ञानाच्या नव्या सरांनी घेतला आणि तो काही केल्या बसेना. गाठोडे आले, सुटले, सामान लागले. पण अखेरीस दिवा पेटवायच्या वेळी सगळे थांबले. पडद्यावर शेवटी एवढेच लिहून आले की हे पॅकेज बसवताना अडचण आली. तालुक्याच्या गावाहून दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने दहा मिनिटे पाहिले आणि म्हणाला, “कुणी बसवलंय हे? सगळं उलटंसुलटं करून ठेवलंय. पुसून टाका, नव्यानं बसवून देतो.”

हे तो बोलला तेव्हा मावशी ताटे मोजायला ग्रंथालयाच्या दारापाशी उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. ताटे मोजून झाली नव्हती, तरी तशाच निघून गेल्या.

मला ते फार लागले. पुसून नव्याने बसवणे हा उपाय वाईट होता असे नव्हे. सामान दुसरीकडे काढून ठेवले असते तर तो सरळच होता. पण त्या उपायाने प्रश्नाचे उत्तर मिळत नव्हते. त्याने खरेच उलटेसुलटे केले होते का? मी सरांना म्हटले, “सर, पुसायचं ते नंतर पुसू. आधी नक्की कुठं अडलंय ते तरी बघू या.” सर तयार झाले. नववीतली एक मुलगी, जिची कथा अंकात पहिली होती, तीही येऊन बसली. सर्वांत आधी सरांनी मुलांचे लेखन आणि जुन्या हस्तलिखितांची चित्रे पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. घर उचकायचे तर देव आधी बाहेर काढून ठेवावेत, तसे.

मग सुरू झाला तपास. रहस्यकथा मी पुष्कळ वाचल्या आहेत, पण इतकी शिस्त त्यातल्या गुप्तहेरांतही क्वचितच पाहिली. सरांचा पहिला नियम असा की शेवटची ओळ वाचायची नाही, पहिली वाचायची. शेवटची ओळ हा नुसता आक्रोश असतो. मोडले ते वर कुठे तरी असते. दुसरा नियम, जागा उरली आहे का ते पाहायचे, तेही खोलीखोलीने. कारण गोदाम रिकामे आणि कोनाडा भरलेला, असे संगणकात नेहमी होते. प्रणाली सुरू करणाऱ्या फाईली ज्या लहानशा ‘बूट’ कप्प्यात असतात तो जुन्या आवृत्त्यांनी गच्च भरला, तर उरलेली डिस्क ओस पडली असली तरी ‘जागा नाही’ असाच निरोप येतो. आमच्याकडे जागा होती. तिसरा नियम परवानगीचा. तात्पुरते सामान ठेवायची ‘टेम्प’ नावाची जागा असते. काही सावध माणसे तिला असे कुलूप घालतात की तिथे सामान ठेवता येते, पण तिथून कुठलाही कार्यक्रम चालवता येत नाही. काही गाठोडी सुटताना तिथूनच आपले छोटेसे काम चालवतात, आणि तिथेच अडतात. आमच्याकडे तसेही कुलूप नव्हते.

पहिली ओळ सापडली ती अशी होती: अमुक फाईल चालवायला गेलो, पण अशी फाईल किंवा फोल्डर नाही.

“पण बाई, नाव तर दिसतंय!” ती मुलगी म्हणाली. खरेच. यादीत त्या फाईलचे नाव होते. मात्र ते तांबड्या अक्षरांत होते. नाव आहे, पण उघडायला जावे तर कुणी नाही.

सरांनी उलगडा केला. ती फाईल नव्हतीच. तो ‘दुवा’ होता. दुवा म्हणजे दारावरची पाटी: ‘मालक इथे नाहीत, अमक्या ठिकाणी भेटतील.’ अशा पाट्या दोन तऱ्हांनी लिहिता येतात. एकीत पूर्ण पत्ता असतो, गावाच्या वेशीपासून. दुसरीत शेजारधर्माचा पत्ता असतो: ‘दोन पायऱ्या वर चढा आणि शेजारच्या खोलीत या.’ आमच्या पाटीवर हा दुसरा पत्ता होता. ती पाटी ‘युएसआर’ या मोठ्या वाड्यातल्या ‘शेअर’ नावाच्या दालनात, एका कोपऱ्यात लावलेली होती. तिथून दोन पायऱ्या वर चढले की वाड्याचा चौक यावा आणि शेजारी ‘लिब’ नावाचे दालन लागावे, असा तिचा हिशेब.

“मग चढून बघू या,” मी म्हटले. सरांनी संगणकालाच विचारले की या पाटीचा माग काढत तू शेवटी कुठे पोचतोस? उत्तर आले आणि सर खुर्चीत ताठ बसले. माग भलत्याच डिस्कवर गेला होता. ‘शेअर’ हे दालन वाड्यात नव्हतेच!

तेव्हा सगळे ध्यानात आले. त्या मुलाने संगणक उभा केला तेव्हा त्याच्याकडे एक चपळ पण अगदी लहान डिस्क होती आणि दुसरी मोठी पण संथ. प्रणाली त्याने चपळ डिस्कवर बसवली. काही दिवसांनी ती भरली. तेव्हा त्याने ‘शेअर’ या दालनातले जड सामान उचलून मोठ्या डिस्कवर नेले आणि जुन्या दारावर एक पाटी लावली: ‘सामान तिकडे आहे.’ पन्नास वर्षांपूर्वी बेल लॅबोरेटरीजमध्ये जागा संपल्यावर जे केले गेले, त्याच्याशीच हे नाते सांगणारे होते. तिथे त्याची रीत झाली. इथे तो उलटेसुलटेपणा ठरला.

अडचण एवढीच की संगणक पायऱ्या मोजतो त्या जिथे सामान खरोखर आहे तिथून, पाटी जिथे लावली आहे तिथून नव्हे. मोठ्या डिस्कवरच्या त्या दालनातून दोन पायऱ्या चढले की आपण त्या डिस्कच्याच अंगणात पोचतो. तिथे ‘लिब’ कुठून असणार? डेबियनच्या नियमांत याचा विचार फार शहाणपणाने केलेला आहे. एकाच मोठ्या वाड्याच्या आत पाटी लावायची तर शेजारधर्माचा पत्ता लिहावा. एका वाड्यातून दुसऱ्या वाड्याकडे बोट दाखवायचे तर पूर्ण पत्ता लिहावा. हेतू असा की कुणी सबंध वाडाच दुसऱ्या डिस्कवर हलवला तरी आतले पत्ते मोडू नयेत. या मुलाने सबंध वाडा हलवला नव्हता, मधले एक दालन हलवले होते. एवढी वर्षे ते खपूनही गेले, कारण आम्हाला लागणाऱ्या कार्यक्रमांच्या पाट्या दालनाच्या आतल्या आतच होत्या. चौकात येऊन शेजारी डोकावणारे गाठोडे आमच्याकडे आले ते या वेळी.

उपाय दोन ओळींचा निघाला. दारावरची पाटी काढायची आणि मोठ्या डिस्कवरचे ते दालन त्याच दाराला थेट जोडून द्यायचे. याला संगणकाच्या भाषेत ‘बाइंड माउंट’ म्हणतात. पाटी वाचून माणूस दुसऱ्या घरी जातो. इथे मात्र दार उघडले की आपण त्याच खोलीत असतो, आणि पायऱ्या चढलो की जुन्याच चौकात येतो. सामान तसूभरही हलत नाही. दर वेळी संगणक सुरू होताना ही जोडणी आपोआप व्हावी म्हणून ‘एफएसटॅब’ नावाच्या फाईलमध्ये एक ओळ लिहून ठेवायची. सरांनी तसे केले, संगणक बंद करून पुन्हा लावला, आणि अर्धवट राहिलेली पॅकेजे पुरी करण्याची आज्ञा दिली. तांबडे नाव आपल्या रंगावर आले. कार्यक्रम बसला. मुलीने आपल्या कथेचे पहिले पान उघडले आणि शीर्षक मोठे करून पाहिले.

मावशींना बोलावून आणायला मी त्या मुलीलाच पाठवले. त्या पदराला हात पुसत आल्या, आणि आल्या आल्या त्यांनी विचारले ते एवढेच: “सर, त्याचं काय चुकलं होतं का?”

सर वयाने लहान, पण त्यांनी जे उत्तर दिले ते मी विसरणार नाही. ते म्हणाले, “नाही मावशी. जागा कमी होती, म्हणून त्यानं सामानाची दुसरीकडे सोय केली होती. ती सोय इतकी वर्षं चालली. आम्हाला ती ठाऊक नव्हती, एवढंच. आता दार जोडून दिलंय. सामान त्यानं ठेवलं तिथंच आहे.”

मावशींनी पडद्याकडे थोडा वेळ पाहिले. मग म्हणाल्या, “घरीपण तो असंच करायचा. पलंगाखाली फळ्या मारून त्यानं माझी सगळी भांडी बसवली. पाहुण्यांना काही सापडायचं नाही.” आणि हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या.

‘अशी फाईल नाही’ या निरोपाचा अर्थ मला त्या दिवशी नीट कळला. तो एवढेच सांगतो की मला ज्या वाटेने यायला सांगितले होते त्या वाटेवर ती भेटली नाही. आपण मात्र ते ऐकून चटकन ठरवतो की ती नाहीच, किंवा ठेवणाराच वेडा होता. जगातल्या कितीतरी विक्षिप्त मांडण्यांच्या मागे कुणाची तरी ओढगस्त असते: अपुरी जागा, अपुरा पैसा, आणि त्यातून काढलेली वाट. नियमावल्या हव्यातच; त्या नसत्या तर परक्याला पाऊल टाकता आले नसते. पण नियमाबाहेरची मांडणी दिसली की पुसण्याआधी तिचा एकदा माग काढून पाहावा. निदान ती का झाली हे कळेल, आणि मग पुसायचे की दार जोडायचे ते डोळे उघडे ठेवून ठरवता येईल.

आणि ज्याला अशी निराळी मांडणी करावी लागते, त्याने ती कुठे तरी लिहून ठेवावी. घरोघर दिवाळीची आवराआवर झाली आहे. माळ्यावरचे खाली आणि खालचे माळ्यावर गेले आहे. विम्याचे कागद, गॅसचे पुस्तक, आजोबांच्या गोळ्यांची चिठ्ठी यांच्या जागा बदलल्या असतील, तर त्या एकाच्याच डोक्यात ठेवू नका. आमच्या संगणकापाशी आता एक दोनशे पानी वही दोरीने बांधली आहे. पहिल्या पानावर त्या मुलाचे नाव आहे, खाली दोन डिस्कचे चित्र आहे, आणि कुठले दालन कुठे आहे ते नववीतल्या मुलीच्या अक्षरात लिहिलेले आहे.

वही पाहून मुख्याध्यापिकाबाईंना एक कल्पना सुचली. आमचे शिपाईमामा पुढच्या मे महिन्यात निवृत्त होणार. शाळेतले कुठले कुलूप कुठल्या किल्लीने उघडते हे तेवीस वर्षे त्यांच्या एकट्याच्या हाताला ठाऊक आहे. तेव्हा सध्या मधल्या सुट्टीत दोन मुली वही घेऊन मामांच्या मागून हिंडतात. मामा एकेक किल्ली वर धरतात, मुली लिहून घेतात. परवा एका गंजक्या किल्लीपाशी मामा अडले. बराच वेळ तिच्याकडे पाहून म्हणाले, “ही कशाची, ते मलाही ठाऊक नाही. पोरींनो, तेवढंही लिहून ठेवा.”